नवीन सेमी-ट्रेलरचं पासिंग: आधी वजनाचे आकडे जुळवा, मग आरटीओत जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळंबोलीच्या एका वाहतूकदाराने परराज्यातल्या कारखान्यातून चाळीस फुटी, तीन अ‍ॅक्सलचा स्केलेटल (कंटेनर ठेवायचा, नुसत्या सांगाड्याचा) सेमी-ट्रेलर घेतला आहे. दोन अ‍ॅक्सलचा पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिनाची गाडी, त्यांच्याकडे आधीपासून आहे, पनवेल आरटीओत नोंदलेला. ट्रेलरवर फायनान्स कंपनीचं कर्ज आहे. त्यांनी विचारलं आहे की ट्रेलरला वेगळी नोंदणी खरंच लागते का, कागद कोणते, कोणत्या क्रमाने जायचं, आणि पुढे याच पुलरला दुसरा ट्रेलर जोडता येईल का.

वेगळी नोंदणी लागतेच. "पुलरचा नंबर आहे की, ट्रेलर त्याच्यामागेच तर धावतो" असं म्हणणारे अजून भेटतात, पण कायद्यात याला जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ मध्ये सेमी-ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे: स्वतःचं इंजिन नसलेलं, दुसऱ्या वाहनाला जोडण्यासाठी बनवलेलं, आणि ज्याचा काही भाग व काही वजन ओढणाऱ्या वाहनावर टेकतं असं वाहन. नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणायचं नाही हे कलम ३९ सांगतं. तेव्हा तुमच्या ट्रेलरला स्वतःचा नंबर, स्वतःची आरसी, स्वतःचं फिटनेस आणि स्वतःचा विमा लागेल. नोंदणी नसताना पकडलं गेलं तर कलम १९२ खाली पहिल्याच वेळी पाच हजारांपर्यंत दंड आहे. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पोर्टाच्या रस्त्यावर माल भरलेला ट्रेलर अडकून पडणं.

याच व्याख्येतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. 'वाहन' या आरटीओच्या संगणक प्रणालीत 'ट्रेलर' आणि 'सेमी-ट्रेलर' हे दोन वेगळे वर्ग आहेत. मागे हुकाने ओढला जाणारा, सगळं वजन स्वतःच्या चाकांवर घेणारा तो ट्रेलर. किंगपिनवर, म्हणजे पुढच्या टोकाखालच्या जाड खिळीवर, पुलरला जोडून त्याच्यावर टेकणारा तो सेमी-ट्रेलर. विक्रेत्याच्या कारकुनाने घाईत 'ट्रेलर' निवडलं की आरसी त्या वर्गाने छापून येते. मग परमिटवर पुलरशी जोडताना अडतं, आणि विमा कंपनीही विचारते की पॉलिसी नेमकी कशाची आहे. फॉर्म भरताना हा एक शब्द स्वतः वाचा.

आता मुख्य मुद्दा. या कामात फाईल अडते ती कागद कमी असल्यामुळे फार क्वचित. बहुतेक वेळा ती अडते एका कागदावरचं वजन दुसऱ्या कागदाशी जुळत नाही म्हणून. ट्रेलरला इंजिन नाही, हॉर्सपॉवर नाही, धूर नाही, त्यामुळे पीयूसीचाही प्रश्न नाही. त्याची कागदावरची ओळख चेसिस नंबर, मापं, टायर आणि वजनं यांवरच उभी आहे. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी, ट्रेलर कारखान्याच्या गेटबाहेर पडण्याआधी, हे आकडे एका ओळीत आणून घ्या.

वजनाचं गणित नीट समजून घ्या, कारण पुढची दहा-पंधरा वर्षं तुम्ही त्याच आकड्यावर धंदा करणार आहात. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये अ‍ॅक्सलची कमाल वजनं वाढवली. पुढच्या दोन टायरच्या अ‍ॅक्सलला ७ टन, चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला ११.५ टन, टँडमला (जवळजवळच्या दोन अ‍ॅक्सलच्या जोडीला) २१ टन, आणि ट्रेलरच्या ट्राय-अ‍ॅक्सलला (तीन अ‍ॅक्सलच्या संचाला) २७ टन. तुमचा पुलर दोन अ‍ॅक्सलचा आहे, म्हणजे ७ अधिक ११.५ अधिक २७, एकूण ४५.५ टन. पुलर तीन अ‍ॅक्सलचा असता तर ७ अधिक २१ अधिक २७, म्हणजे ५५ टन झाले असते.

इथेच गोंधळ होतो. ट्रेलरच्या माहितीपत्रकावर ५५ टन छापलेलं असतं, कारण तो ट्रेलर ५५ टनांच्या जोडीत चालण्याइतका मजबूत बनवलेला असतो. मालक तोच आकडा कर्जाच्या अर्जात लिहितो, विम्याच्या प्रपोजलमध्ये लिहितो आणि गिऱ्हाइकालाही सांगतो. पण तुमच्या पुलरमागे तो लागला की जोडीची मर्यादा ४५.५ टनच राहते. तीही पुलरच्या कंपनीने तेवढी मंजूर करून घेतली असेल तरच. पुलरच्या आरसीवर आणि कंपनीच्या कागदांवर एकूण जोडवजन (पुलर, ट्रेलर आणि माल मिळून) ३९.५ टन असेल, तर मागे ट्राय-अ‍ॅक्सल लावून ते ४५.५ होत नाही. अ‍ॅक्सलची बेरीज आणि कंपनीने मंजूर केलेलं वजन यांत जो आकडा लहान, तो आपला. ट्रेलर विकत घेताना मी सगळ्यात आधी पुलरची आरसी मागतो ती यासाठीच.

तुमच्या कामाचं उदाहरण घेऊ. चाळीस फुटी कंटेनरचं कमाल एकूण वजन बहुतेक वेळा ३०,४८० किलो असतं. कंटेनरच्या दारावर ते लिहिलेलं असतं. दोन अ‍ॅक्सलचा पुलर साधारण सात टनांचा आणि स्केलेटल ट्रेलर पाच ते सहा टनांचा धरला, तर भरलेली जोडी त्रेचाळीस-चव्वेचाळीस टनांच्या आसपास जाते. ४५.५ मध्ये हे बसतं, पण मोकळी जागा फार नाही. आणि एकूण वजन बसलं तरी प्रत्येक अ‍ॅक्सलचं बसेलच असं नाही. कंटेनरमध्ये माल पुढे जास्त भरला गेला की किंगपिनवरून तो पुलरच्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, आणि तिथली मर्यादा ११.५ टनांचीच आहे. जास्त वजनाला कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार लागतात. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, त्याचा खर्चही आपलाच. आरसीवरचा आकडा चुकीने कमी चढला असेल तर तुम्ही नियमात असूनही हा दंड भराल. वजनकाट्यावर उभं राहून त्याबद्दल वाद घालता येत नाही.

म्हणून रिकाम्या वजनाचा काटा स्वतः करून घ्या, विक्रेत्याने दिलेल्या पावतीवर विसंबू नका. सेमी-ट्रेलर एकटा काट्यावर चढत नाही, तो पुलरला जोडूनच तोलावा लागतो. आधी पूर्ण जोडी तोला. मग काट्याजवळच्या सपाट, पक्क्या जागेत ट्रेलर लँडिंग लेगवर (पुढच्या टेकूच्या पायांवर) उभा करा, चाकांना अटकाव लावा आणि एकटा पुलर तोला. वजाबाकी म्हणजे ट्रेलरचं रिकामं वजन. दोन्ही वेळा ड्रायव्हर एकतर गाडीत हवा किंवा दोन्ही वेळा खाली हवा, आणि मध्ये डिझेल भरायचं नाही. तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो, एवढा फरक फाईल परत यायला पुरेसा आहे. स्टेपनी, तिचा ब्रॅकेट, टूलबॉक्स, ट्विस्ट लॉक (कंटेनर अडकवायची कुलपं) हे सगळं जागेवर बसवूनच तोला, कारण रस्त्यावर ते घेऊनच तुम्ही धावणार आहात. दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ छापलेली हवी.

आता कागद. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज. फॉर्म २१ हे विक्री प्रमाणपत्र, त्यात चेसिस नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, रिकामं वजन, प्रत्येक अ‍ॅक्सलचं कमाल वजन, टायरची संख्या आणि माप, बॉडीचा प्रकार आणि कर्ज देणाऱ्याचं नाव येतं. फॉर्म २२ हे उत्पादकाचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र. त्याच्यासोबत त्या मॉडेलच्या मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ट्रेलर आणि सेमी-ट्रेलरसाठी एआयएस-११३ हे मानक आहे, आणि चाचणी संस्थेने मॉडेल त्यानुसार तपासून मंजूर केलेलं असावं लागतं. आपल्याकडे पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था आहेत. राज्याबाहेर मानेसरची आयकॅट आहे. बाकी जीएसटीचं बिल, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, फर्म असेल तर तिचे कागद, आणि परराज्यातून आणत असल्यामुळे तात्पुरती नोंदणी. कर्जासाठी फॉर्म ३४ लागतो. तो फॉर्म २० सोबतच द्या म्हणजे आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, एकाच वेळी चढतो. फायनान्स कंपनीचं नाव फॉर्म २१ आणि ३४ वर अक्षरशः सारखं हवं. एकीकडे 'लिमिटेड' आणि दुसरीकडे 'प्रायव्हेट लिमिटेड' एवढ्यावरूनही फाईल मागे येते.

मंजुरीच्या प्रमाणपत्राबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण पैसे इथे बुडतात. गावाजवळच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये स्वस्तात ट्रेलर बनवून मिळतो, चॅनल जाड असतो, वेल्डिंगही चांगलं असतं. पण त्या उत्पादकाच्या नावावर ते मॉडेल मंजूर नसेल आणि वाहन प्रणालीत चढलेलं नसेल, तर आरटीओतल्या अधिकाऱ्याला इच्छा असूनही नोंदणी करता येत नाही, कारण संगणकावर निवडायला मॉडेलच नसतं. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी उत्पादकाला सांगा की मंजुरीचं प्रमाणपत्र दाखवा, आणि त्यातलं मॉडेलचं नाव, अ‍ॅक्सलची संख्या, लांबी, टायरचं माप हे कोटेशनमध्ये तसंच्या तसं लिहून द्या. "कागद मागाहून देतो" म्हणणाऱ्याकडून ट्रेलर घेऊ नका. प्रमाणपत्र बत्तीस फुटीचं आणि ट्रेलर चाळीस फुटी, हेही मी पाहिलेलं आहे. असा ट्रेलर महिनोन्महिने यार्डात उभा राहतो आणि हप्ते मात्र सुरू असतात.

अर्ज कोणी करायचा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर, विक्रेता त्याच राज्यातला असेल आणि नोंदणीही त्याच राज्यात व्हायची असेल तर नवीन वाहनाचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा आहे. तुमचा ट्रेलर बाहेरून येतोय, म्हणून अर्ज तुम्ही करायचा आणि ट्रेलर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यायचा. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो, प्रवासाचे दिवस त्यातून वगळले जातात. त्याच दुरुस्तीमुळे आता राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात अर्ज करता येतो, पत्त्याच्याच कार्यालयात जायची सक्ती राहिलेली नाही. तरी तुम्हाला मी पनवेलच सुचवेन. पुलरची फाईल आणि परमिट तिथे आहे, पुढच्या दुरुस्त्या एकाच ठिकाणी होतील आणि एमएच-४६ या पनवेलच्या नंबरची जोडी हिशेबालाही सोपी जाते. तात्पुरत्या नोंदणीवर शेवटची तारीख छापलेली असते. ट्रेलर कारखान्यातून निघण्याच्या दिवशीच ती पाहा आणि पासिंगची अपॉइंटमेंट तिच्या बऱ्याच आधीची घ्या.

मालकाचं नाव पुलर आणि ट्रेलर दोन्हीवर एकच ठेवा. पुलर वडिलांच्या नावावर आणि ट्रेलर फर्मच्या नावावर असं केलं की परमिटवर जोडी करताना आणि अपघातानंतर दावा मांडताना अडचणी येतात. जीएसटीच्या सोयीसाठी फर्मच्या नावावर घ्यायचाच असेल, तर पुलरही आधी फर्मच्या नावावर करून घ्या, मग ट्रेलरचं बिल बनवा.

पासिंगच्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक काय पाहतात? सगळ्यात आधी चेसिस नंबर. ट्रेलरचा नंबर मुख्य बीमवर ठोकलेला असतो, आणि नव्या रंगाचे थर त्याच्यावर इतके चढलेले असतात की पेन्सिलची छाप नीट उठत नाही. आदल्या दिवशी ती जागा हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर लावू नका, अंक घासले गेले तर नवा ट्रेलरही संशयास्पद दिसतो. कारखान्यात असतानाच स्वच्छ छाप काढून मोबाइलवर तिचा फोटो घेऊन ठेवलेला बरा. सतरा अक्षरांचा नंबर फॉर्म २१, फॉर्म २२, बिल आणि विमा या चारही ठिकाणी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा.

मग मापं आणि सुरक्षेचे भाग. रुंदी २.६ मीटरच्या आत. मागचा अंडररन गार्ड (मागून येणारं वाहन खाली घुसू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) आणि दोन्ही बाजूंचे साइड गार्ड मंजूर नमुन्याचे आणि पक्के बसवलेले. परावर्तक पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मागचे दिवे, ब्रेक लाइट, इंडिकेटर, बाजूचे मार्कर. टायरची संख्या आणि माप फॉर्म २१ प्रमाणेच. पट्टी आणि गार्ड यांना कृपा करून औपचारिकता समजू नका. रात्री उरण रस्त्यावर बंद पडून उभ्या असलेल्या रिकाम्या स्केलेटलला मागून बॉडी नसते, दुचाकीवाल्याला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ती पट्टी आणि तो गार्ड त्या माणसासाठी आहे. स्वस्तातली पट्टी दोन पावसाळ्यांत फिकी पडते. नीट मंजुरीचा शिक्का असलेलीच लावा आणि धुण्याच्या दिवशी तीही पुसत जा.

पुलरशी जोडणी जमते का हेही आधीच पाहून घ्या. किंगपिन दोन इंची आणि साडेतीन इंची अशा दोन मापांत येते, तुमच्या पुलरचं फिफ्थ व्हील (किंगपिन अडकते ती पुलरवरची प्लेट) कोणत्या मापाचं आहे ते बघा. हवेच्या लाल आणि पिवळ्या पाइपांची कपलिंग, दिव्यांचा सॉकेट आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सॉकेट हे पुलरशी जुळले पाहिजेत. पासिंगच्या मैदानावर एबीएसचा दिवा पेटून राहिला की दोष ट्रेलरचा की पुलरचा हे शोधण्यात अख्खा दिवस जातो, म्हणून हे आदल्या दिवशी यार्डात तपासा.

सगळं जुळलं की शुल्क आणि कर. ही रक्कम वाहन प्रणाली स्वतः काढते आणि पावतीवर प्रत्येक बाब वेगळी दाखवते. कोणी कागदाच्या चिटोऱ्यावर एकच गोळा आकडा लिहून दिला तर तो घेऊ नका, छापील पावतीच मागा. एजंटकडून काम करून घ्यायला हरकत नाही, अनेकजण चांगलं काम करतात. पण मोबाइल नंबर तुमचा द्या. ओटीपी, हप्ता, फिटनेस आणि चलनाचे संदेश पुढे त्याच नंबरवर येत राहतात. एजंटचा नंबर घातला गेला तर ई-चलन झालेलं तुम्हाला महिनोन्महिने कळत नाही.

नंबर मिळाला की मागे उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती सक्तीची आहे, ट्रेलरलाही. व्यावसायिक वाहन म्हणून पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं. प्लेट मागच्या गार्डआड किंवा चिखल उडतो अशा जागी लागणार नाही हे पाहा. नव्या व्यावसायिक वाहनाचं फिटनेस पहिली दोन वर्षं असतं, वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. पुलर आणि ट्रेलरच्या फिटनेसच्या तारखा वेगळ्या राहतील. पुलरची लक्षात राहते आणि ट्रेलरची निसटते, म्हणून दोन्ही एकाच वहीत लिहा.

आरसी हातात आली की काम संपलं असं धरून लगेच गाडी लोडिंगला पाठवू नका. नॅशनल परमिट पुलरवर आहे, त्यावर ट्रेलरचा नंबर चढवून घ्या. आरसीवर वर्ग, चेसिस नंबर, रिकामं वजन, अ‍ॅक्सलची वजनं, टायर आणि बोजा हे त्याच दिवशी तपासा. चूक ताजी असताना, फाईल टेबलावर असताना दुरुस्त होते. सहा महिन्यांनी त्याच दुरुस्तीसाठी उत्पादकाचं पत्र, नवा काटा आणि पुन्हा तपासणी लागते.

तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या ट्रेलरचा. हो, जोडता येतो, आणि कायद्याने हे आधीच धरलेलं आहे. फॉर्म २० मध्येच तशी सोय आहे: एका जोडवाहनाबरोबर (पुलर आणि त्याला जोडलेला सेमी-ट्रेलर) दुसरा किंवा आणखी सेमी-ट्रेलर नोंदवायचे असतील तर प्रत्येकाचा बॉडीचा प्रकार, रिकामं वजन, प्रत्येक अ‍ॅक्सलचे टायर आणि कमाल वजन वेगळं भरायचं. पोर्टाच्या कामात हे फार उपयोगी पडतं. एक ट्रेलर सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) रिकामा होत असताना पुलर दुसरा घेऊन निघतो, आणि पुलरचा वेळ वाया जात नाही. मात्र प्रत्येक ट्रेलरची नोंदणी, फिटनेस आणि विमा वेगळा, आणि परमिटवर प्रत्येकाचा नंबर हवा. ज्याचा नंबर चढलेला नाही तो ओळखीच्या माणसाचा ट्रेलर "एकाच खेपेसाठी" लावू नका. नोंदणीनंतर ट्रेलरची लांबी वाढवणं किंवा जादा अ‍ॅक्सल घालणं हेही परस्पर करायचं नाही. कलम ५२ त्याला मनाई करतं आणि कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि विमा. नोंदणीच्या वेळी पॉलिसी चेसिस नंबरवर निघते. ट्रेलरचा नंबर मिळाल्याबरोबर विमा कंपनीला कळवून तो पॉलिसीवर चढवा, आणि पुलरच्या पॉलिसीत जोडलेल्या ट्रेलरचा उल्लेख आहे का ते लेखी विचारा. पुलरचा विमा आहे, ट्रेलरचा नाही, आणि धडक ट्रेलरची बसली, अशा प्रकरणांत कंपन्या जबाबदारी नाकारतात आणि भरपाईचा दावा मालकाच्या घरावर येतो. जखमी माणसाला पैसे वेळेवर मिळायचे असतील तरी हे दोन्ही कागद पुरे हवेत. पुलर आणि ट्रेलर शक्यतो एकाच कंपनीकडे, एकाच तारखेला संपतील असे घ्या.